खाटेचा विमा, फोनवरचा सल्ला

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली पट्ट्यातल्या मुलांना सरकारी आरोग्यविमा मिळाला तो आधी वडिलांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आणि पुढे घरातल्या रेशनकार्डामुळे. दूरवैद्यक सेवा, म्हणजे फोनवरून किंवा व्हिडिओवरून मिळणारा डॉक्टरांचा सल्ला, त्यांच्यापर्यंत तिसऱ्याच वाटेने आली. ती सरकारी आहे, मोफत आहे, पण विम्याच्या पैशांवर चालत नाही. विमा आणि सल्ला यांची ही फारकत का झाली, याचे उत्तर डॉक्टरला पैसे कशाचे द्यायचे या जुन्या प्रश्नात सापडते. डोईमागे द्यायचे, भेटीमागे द्यायचे की शस्त्रक्रियेमागे, हे त्या त्या काळी जसे ठरले, तसे आजारी मुलाच्या वाट्याला काय येणार हेही ठरत गेले.

सुरुवात कामगार विम्याची. १९४३ मध्ये भारत सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपवले. ब्रिटनमध्ये सामाजिक सुरक्षेवरचा बेव्हरिज अहवाल नुकताच गाजला होता आणि युद्धानंतरच्या समाजरचनेची चर्चा इथेही सुरू झाली होती. आडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये आला, १९४८ मध्ये कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना प्रत्यक्षात उतरली. मुंबईत ती १९५४ मध्ये आली. त्याच सुमारास ठाण्याची खाडी ते उल्हास नदी या टापूत कारखान्यांची रांग उभी राहत होती. ठाण्यात रेमंड आधीपासून होती. शहाडला सेंच्युरी रेयॉन, मोहन्याला नॅशनल रेयॉन (एनआरसी) आली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे काम वागळे इस्टेटमधूनच सुरू झाले, आणि पुढे डोंबिवली, अंबरनाथ, ठाणे-बेलापूर रस्ता असे पट्टेच्या पट्टे उद्योगांनी भरले. वागळे इस्टेट आणि उल्हासनगर इथली कामगार रुग्णालये या वाढीचीच अपत्ये. लोकांच्या तोंडी ती ‘कामगार हॉस्पिटल’ म्हणूनच राहिली.

योजनेत पहिल्यांदा फक्त विमा कामगार होता. १९५८ पासून त्याच्या कुटुंबीयांना टप्प्याटप्प्याने वैद्यकीय सेवा लागू झाली, आणि मुले सार्वजनिक विम्याच्या कक्षेत आली ती तेव्हापासून. कायद्यातल्या ‘कुटुंब’ या व्याख्येत अवलंबून असलेली अल्पवयीन मुले आहेत. शिक्षण चालू असेल तर वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत मूल त्यात धरले जाते.

बाह्यरुग्ण सेवेसाठी बहुतेक राज्यांनी सरकारी दवाखाने उघडले. मुंबई राज्याने मात्र पॅनेल पद्धत पत्करली. ब्रिटनमधल्या १९११ च्या आरोग्यविम्यात हीच पद्धत होती. गल्लीत, नाक्यावर स्वतःचा दवाखाना चालवणारा खासगी डॉक्टर योजनेच्या पॅनेलवर नाव नोंदवी आणि कामगार त्यातला आपल्या सोयीचा डॉक्टर निवडी. डॉक्टरला पैसे मिळत ते यादीतल्या दर विमा कामगारामागे, वर्षाला ठरावीक. कामगाराचे मूल वर्षभरात दहा वेळा खोकत आले किंवा एकदाही आले नाही, तरी रक्कम तीच.

या हिशोबात एक मोलाची गोष्ट दडलेली होती. डॉक्टरचे उत्पन्न रुग्ण समोर येऊन बसण्यावर अवलंबून नव्हते. म्हणजे सल्ला कोणत्या मार्गाने दिला, समोरासमोर की निरोप पाठवून, याने योजनेचे काही बिघडत नव्हते. फोनवरच्या वैद्यकीय सल्ल्याला इतकी सोयीची विमापद्धत या पट्ट्यात नंतर पुन्हा आली नाही. पण तेव्हा चाळीत फोनच नव्हता. फोन घरोघरी पोहोचेपर्यंत पॅनेलवर विसंबणाऱ्या कुटुंबांची दुनिया आटत चालली होती. कारखाने बंद पडले किंवा बाहेर गेले. मोहन्याच्या एनआरसीला २००९ मध्ये टाळे लागले. कंत्राटी कामगार आले आणि त्यांची नोंदणी होईलच अशी खात्री नव्हती. दुसरीकडे, ज्यांचे पगार वाढले ते योजनेच्या पगारमर्यादेपलीकडे गेले. १ जानेवारी २०१७ पासून ही मर्यादा महिना २१,००० रुपये आहे. डोंबिवलीतून रोज सकाळी मुंबईला जाणारा नोकरदार बहुधा या चौकटीबाहेरच राहिला, आणि त्याच्या मुलांचा खर्च फॅमिली डॉक्टरच्या टेबलावर रोखीने भागत राहिला.

मोठे आजारपण आले की वाट ठरलेली होती. मध्य रेल्वेची लोकल पकडायची आणि परळला उतरायचे. मुलांसाठी १९२९ मध्ये उघडलेले वाडिया रुग्णालय, शेजारी केईएम, कर्करोग असेल तर टाटा; त्याआधी शीवला उतरले तर लोकमान्य टिळक रुग्णालय. कळव्यातले छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि त्याला जोडलेले १९९२ चे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय यांनी ठाणेकरांचा भार थोडा हलका केला. कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही महापालिकेची रुग्णालये नेहमीच्या दुखण्यांना आधार देत आली आहेत. तरीही हृदयाला छिद्र असलेले बाळ किंवा रक्ताचा कर्करोग झालेले मूल म्हटले की कल्याण-कसाऱ्याकडची माणसे आजही परळचेच नाव घेतात. शस्त्रक्रिया एकदाच होते; फेरतपासणी वर्षानुवर्षे चालते. मुलाला कडेवर घेऊन गर्दीच्या लोकलने जायचे, केसपेपर काढायचा, तासन्‌तास रांगेत बसायचे आणि पाच मिनिटांत ‘औषध तेच चालू ठेवा’ ऐकून परतायचे. आईचा किंवा वडिलांचा एक दिवसाचा पगार त्यात जातो तो वेगळाच. दूरवैद्यकाचा खरा उपयोग याच पाच मिनिटांसाठी होता.

रेशनकार्डावरचा विमा आला तो या खर्चातल्या मोठ्या भागासाठी. १९९७ मध्ये राज्याने जीवनदायी योजना सुरू केली. ती दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी आणि हृदय, मूत्रपिंड, मेंदू-मज्जारज्जू अशा मोजक्या आजारांसाठी होती. तिचे मोठे रूप म्हणजे राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना. २ जुलै २०१२ रोजी ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात मुंबई शहर, मुंबई उपनगर आणि रायगड होते, ठाणे नव्हते. सव्वा वर्षाहून जास्त काळ मुलुंडच्या मुलाला जे मिळत होते ते पुढच्याच स्टेशनावरच्या, ठाण्याच्या मुलाला मिळत नव्हते. २१ नोव्हेंबर २०१३ पासून योजना उरलेल्या महाराष्ट्रात आली. ठाणे जिल्हा तेव्हा अविभाजित होता. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या एक कोटी दहा लाखांवर होती, देशातल्या कोणत्याही जिल्ह्यापेक्षा जास्त.

कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपये, ९७१ उपचार, पिवळे कार्ड आणि लाखभरापर्यंत वार्षिक उत्पन्नाचे केशरी कार्ड अशी तिची चौकट होती. पांढरे कार्ड बाहेर. रुग्णालयाच्या दर्शनी भागात आरोग्यमित्राचे टेबल असे आणि कागदपत्रांची पहिली पारख तिथे होई. मुलांच्या बाबतीत नेहमीची अडचण म्हणजे तान्ह्या बाळाचे नाव रेशनकार्डावर चढलेलेच नसते. त्यावर तोड अशी ठेवली होती की जन्मदाखला, आईवडिलांचे रेशनकार्ड आणि पालकासोबतचा बाळाचा फोटो एवढे जोडले की काम भागे. नवजात अतिदक्षता कक्षात बाळ असताना वडील झेरॉक्सच्या दुकानापुढे उभे, हे दृश्य या योजनेच्या इतिहासाचाच भाग आहे. पण ही सोय नसती तर कित्येक बाळे कागदाअभावी दारातच अडली असती.

या योजनेने पैसे मोजले ते पॅकेजचे. अमुक शस्त्रक्रिया, अमुक रक्कम. पॅकेजमध्ये तपासण्या, औषधे, जेवण, घरी परतण्याचे भाडे आणि सुट्टी मिळाल्यानंतर दहा दिवसांपर्यंतचा सल्ला एवढे बसवलेले होते. त्याखेरीज १२१ फेरतपासणी पॅकेजेस होती. फेरतपासणीला विम्यात स्वतःची जागा देणे हे या योजनेचे मोठेच श्रेय मानले पाहिजे. मात्र ती जागा रुग्णालयात येणाऱ्या रुग्णासाठी होती. फोनवरच्या सल्ल्याचा वेगळा दर यादीत नव्हता, आणि साध्या बाह्यरुग्ण सेवेलाच जिथे स्थान नव्हते तिथे तो असण्याचे कारणही नव्हते. पॅनेल डॉक्टरच्या डोईमागच्या हिशोबाकडून विमा शस्त्रक्रियेमागच्या हिशोबाकडे आला, त्यात गरीब कुटुंबांचा जीव वाचवणारा खर्च सुटला. ताप, खोकला, जुलाब, दम, म्हणजे बालपणाची रोजची दुखणी, मात्र विम्याबाहेर पडली.

त्याच सुमारास, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. देशव्यापी कार्यक्रमासाठी हे ठिकाण निवडले जाणे अर्थपूर्ण होते. याच जिल्ह्याच्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत १९९२ मध्ये कुपोषणाने मुले दगावली होती आणि राज्य हादरले होते. या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी होते. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांची कमतरता, बालपणीचे आजार, विकासातला उशीर अशा ३० गोष्टी पथक पाहते. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. मुरबाडच्या शाळेत तपासणीत हृदयात वेगळा आवाज ऐकू आला की मूल जिल्हा रुग्णालयात, तिथून मुंबईत, आणि शस्त्रक्रियेचे पैसे जीवनदायीतून, असा धागा जुळला. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला; शहापूर, मुरबाड हे डोंगराळ तालुके ठाण्याकडे राहिले.

दूरवैद्यकाची गोष्ट या साऱ्याला समांतर चालली होती. मार्च २००० मध्ये आंध्र प्रदेशातल्या अरगोंडा गावातून अपोलोने सुरुवात केली आणि २००१ पासून इस्रोने उपग्रहाने रुग्णालये जोडायला घेतली. महाराष्ट्रात २००६-०७ च्या सुमारास केईएम रुग्णालय दूरच्या जिल्हा रुग्णालयांशी जोडले गेले. सिंधुदुर्ग त्यातलेच एक. लोकलच्या अंतरावरचे ठाणे-कल्याण अशा आखणीत डोळ्यांत भरत नाही. नकाशावर परळ जवळच दिसते. सहा महिन्यांचे मूल घेऊन टिटवाळ्याहून निघणाऱ्या आईला ते तेवढे जवळ वाटत नाही, पण दूरवैद्यकाची गरज तेव्हा मैलांत मोजली जात होती.

कायद्याची बाजूही अंधुक होती. रत्नागिरीतल्या एका खासगी रुग्णालयात डॉक्टर हजर नसताना फोनवरच्या सूचनांवर उपचार झाले आणि प्रसूत महिलेचा मृत्यू झाला. या प्रकरणात जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांचा अटकपूर्व जामीन नाकारला. राज्यभरातल्या डॉक्टरांमध्ये त्याची चर्चा झाली. रात्री अकराला मुलाचा ताप सांगणाऱ्या आईला दोन औषधांची नावे सांगणे ही डॉक्टरची आजवरची रीत. आता तीही जोखमीची वाटू लागली.

मार्च २०२० ने हा तिढा सक्तीने सोडवला. लोकल बंद झाली. दवाखाने बंद पडले किंवा जेमतेम उघडे राहिले, लसीकरण रखडले, परळची फेरतपासणी अशक्य झाली. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने दूरवैद्यक व्यवसायाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि नोंदणीकृत डॉक्टरला फोन, व्हिडिओ, संदेश यांवरून सल्ला देण्याची रीतसर मुभा मिळाली. सल्ल्याची फी समोरासमोरच्या तपासणीप्रमाणेच घ्यावी आणि पावती द्यावी, असे त्यात म्हटले होते. औषधांच्या याद्या ठरवून दिल्या. काही औषधे कोणत्याही माध्यमातून चालतील, काही पहिल्या वेळी व्हिडिओवरच, काही फक्त जुन्या रुग्णाला फेरतपासणीत; अमली आणि मनःप्रभावी द्रव्ये अजिबात नाहीत. मुलांसाठी एकच, पण कळीची अट होती. अल्पवयीन रुग्णाला सल्ला द्यायचा तर सोबत प्रौढ व्यक्ती हवी आणि तिची ओळख पटलेली हवी.

या काळात कल्याण-डोंबिवलीतल्या खासगी डॉक्टरांनी महापालिकेसोबत काम केले आणि शहराला २०२० च्या स्मार्ट सिटी स्पर्धेत कोविड नवोपक्रमाचा पुरस्कार वाराणसीसोबत विभागून मिळाला. फॅमिली डॉक्टरांचे दाट जाळे हे डोंबिवलीचे जुने बळ, आणि संकटात तेच कामी आले.

विमा नियामकाने ११ जून २०२० रोजी विमा कंपन्यांना सूचना दिली की पॉलिसीत डॉक्टरचा सल्ला समाविष्ट असेल तर दूरवैद्यक सल्लाही मान्य करावा. सल्ल्याचा खर्च देणारी पॉलिसी ज्यांच्याकडे होती, त्यांना याचा लाभ झाला. सरकारी योजनेत, म्हणजे १ एप्रिल २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणाऱ्या आणि १ एप्रिल २०२० पासून आयुष्मान भारतशी जोडलेल्या योजनेत, बाह्यरुग्ण सल्लाच नव्हता. त्यामुळे या सूचनेने रेशनकार्डावरच्या मुलाला काही मिळाले नाही.

त्याला मिळाली ई-संजीवनी. मोहालीच्या सी-डॅकने घडवलेल्या या सेवेचा पहिला भाग नोव्हेंबर २०१९ मध्ये, आरोग्य उपकेंद्रातून डॉक्टरशी जोडून देणारा, सुरू झाला होता. घरबसल्या सल्ल्याचा भाग १३ एप्रिल २०२० रोजी आला. नोंदणी, टोकन, व्हिडिओ, मोबाइलवर उतरणारे प्रिस्क्रिप्शन. पैसे नाहीत, कार्ड नाही, पिवळे-केशरी-पांढरे असा भेदही नाही. डॉक्टर पगारी असल्यामुळे त्याला भेटीमागे काही मिळवायचे नसते. एका अर्थाने पॅनेल काळातला तो गुण परत आला, फक्त विम्याऐवजी सरकारी तिजोरीतून.

मुलांच्या बाबतीत या सेवेची दोन रूपे सारखी नाहीत, आणि फरक बारकाईने पाहण्यासारखा आहे. खोकणाऱ्या बाळाला न्यूमोनिया आहे का, हे ठरवण्याची जागतिक आरोग्य संघटनेची साधी कसोटी म्हणजे मिनिटभर श्वास मोजणे. दोन महिन्यांखालच्या बाळात ६० किंवा जास्त, दोन ते अकरा महिन्यांत ५०, एक ते पाच वर्षांत ४०. इतके किंवा जास्त झाले की धोका. बाळ शांत असताना, अंगावरचे कपडे वर करून, पूर्ण एक मिनिट मोजावे लागते. छाती आत ओढली जाते का तेही पाहायचे असते. शहापूरच्या उपकेंद्रात हे समुदाय आरोग्य अधिकारी करतो, वजन करतो, ताप पाहतो आणि मग पडद्यावरच्या डॉक्टरला आकडे सांगतो. पॅरासिटामॉलची मात्राही किलोमागे सुमारे १५ मिलिग्रॅम अशी वजनावर बसते, त्यामुळे वजनकाटा हा इथे स्टेथोस्कोपइतकाच महत्त्वाचा. दिवा उपनगरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत, हलत्या मोबाइलसमोर, रडणारे बाळ मांडीवर घेतलेल्या आईला यातले काहीच सोपे नाही. तिच्याकडे वजनकाटा नाही. कान दुखत असेल तर कानात बघणारेही कोणी नाही. म्हणूनच मुलांसाठी उपकेंद्रातून जोडून देणारी सेवा घरबसल्या सेवेपेक्षा भरवशाची ठरते. पण उपकेंद्रे गावात आहेत; शहरातल्या झोपडपट्टीच्या वाट्याला ती नव्हती. १ मे २०२३ रोजी राज्यभर सुरू झालेल्या हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना या योजनेत, दुपारी दोन ते रात्री दहा या वेळेच्या नागरी दवाखान्यांत, दूरसल्ल्याची सोय धरण्यात आली ती ही उणीव भरून काढणारी.

किशोरवयीनांचा प्रश्न निराळा आहे. सोबत प्रौढ हवा ही अट दोन वर्षांच्या मुलासाठी संरक्षण आहे. घरात बोलता न येणाऱ्या गोष्टीसाठी मदत शोधणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीसाठी तीच अडथळा होते. ठाण्याला या बाबतीत जुना वारसा आहे. १९०१ पासूनचे मनोरुग्णालय इथले, आणि १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्थाही इथलीच. संस्थेची ‘मैत्र’ ही दूरध्वनी समुपदेशन सेवा विमा नसताना, कार्यकर्त्यांच्या बळावर चालत आली आहे. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर उघडली. ती मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीतही बोलते. तीही विम्याच्या चौकटीबाहेरच.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसकट उपचार मोफत झाले. ठाण्याचे जिल्हा रुग्णालय आणि उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय त्यात येतात. महापालिकांची रुग्णालये येत नाहीत. विम्याची कक्षाही रुंदावली. २८ जुलै २०२३ च्या निर्णयाने संरक्षण कुटुंबामागे पाच लाख झाले, उपचारांची संख्या १,३५६ झाली, आणि १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डाची कुटुंबेही आत आली. डोंबिवलीतला मध्यमवर्ग पहिल्यांदाच सार्वजनिक विम्याचा लाभार्थी ठरला. यादीत उपचार वाढले, रुग्णालये वाढली, पण पैसे मोजण्याचे एकक पॅकेजच राहिले. बाह्यरुग्ण म्हणून मुलाला तपासण्याचा हक्क विम्यातून देणारी योजना या पट्ट्यात आजही कामगार विमाच आहे, आणि १ जुलै २०१९ पासून त्यासाठी कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का व मालकाकडून सव्वातीन टक्के घेतले जातात. रेशनकार्डावरच्या मुलाची शस्त्रक्रिया परळला विम्यातून होते. त्यानंतर फोनवर मिळणारा सल्ला ई-संजीवनीवरच्या डॉक्टरकडून येतो, आणि ज्या डॉक्टरने शस्त्रक्रिया केली त्याच्या फोनवरच्या पाच मिनिटांना विम्याच्या दरपत्रकात अजून रकाना नाही.